तुमचे चोरलेले फोटो दाखवणारी लिंक गूगलवरून कशी काढायची

सोलापुरात चादर-टॉवेलवाल्यांपासून युनिफॉर्म शिवणाऱ्या गारमेंटवाल्यांपर्यंत बऱ्याच जणांनी आता वेबसाइट काढलीय, आणि मग पुढची तक्रार ठरलेली, आमचे फोटो उचलून भलत्यानंच स्वतःच्या साइटवर टाकले आणि गूगलवर आमच्या आधी तोच दिसतोय. उपाय आहे, फॉर्म फुकट आहे, वकील लागत नाही. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गूगल फक्त लिंक काढतं. फोटो त्या साइटवर तसाच राहतो, कुणी व्हॉट्सअपवर लिंक पाठवली तर उघडणारच. म्हणून तक्रार दोन ठिकाणी टाकायची, एक सर्च इंजिनला आणि एक त्या साइटच्या होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर ती साइट ठेवलीय त्याला. होस्टिंग कुणाचं ते हूइज सर्चमध्ये (साइटच्या नावाची नोंद दाखवणारी सेवा) त्या साइटचं नाव टाकलं की कधीकधी कळतं.

आता तुमची वस्तू खरंच कॉपीराइटमध्ये बसते का ते बघा, कारण निम्मे लोक इथंच गंडतात. फोटो, तुम्ही स्वतः लिहिलेला मजकूर, व्हिडिओ, कॅटलॉगचं पान हे सगळं बसतं आणि त्यासाठी आपल्याकडे रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. पण समोरच्यानं तुमच्या चादरीसारखी चादर विणून स्वतः फोटो काढून विकायला ठेवली तर हा फॉर्म कामाचा नाही, तो विषय डिझाइन कायद्याचा. एखादी वस्तू ५० पेक्षा जास्त नग काढली आणि डिझाइन रजिस्टर केलेलं नसलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १५ त्या डिझाइनवरचा कॉपीराइटच संपवतं. 'सोलापुरी चादर' म्हणून कुणी दुसरीकडचा माल खपवत असेल तर ते जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं भांडण, तेही इथं चालत नाही. शेंगदाणा चटणीचं तसंच, दाणे-लसूण-तिखटाच्या यादीवर कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही लिहिलेली कृती शब्दाला शब्द उचलली किंवा फोटो उचलला तर तक्रार होते.

आणि फोटोग्राफर मंडळींनो, हे नीट वाचा. पैसे घेऊन ऑर्डरवर काढलेल्या फोटोचा पहिला मालक आपल्या कायद्यात गिऱ्हाईक असतं, वेगळा करार केलेला नसेल तर (कलम १७). म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो कुणी चोरला तर तक्रार करायचा हक्क बहुतेक वेळा नवरा-नवरीकडच्या पार्टीचा, तुमचा नाही. बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी छापून सही घेतली की पुढची कटकट मिटते, पण छापतंय कोण!

मग लिंक गोळा करा. सर्चमध्ये दिसतंय त्यावर राइट क्लिक करून उचललेला पत्ता कधीकधी गूगलचाच असतो, तो नको, पान उघडून वरच्या पट्टीतला पत्ता घ्या. फोटो असेल तर दोन पत्ते लागतात, पानाचा वेगळा आणि फोटोचा वेगळा, फोटोवर राइट क्लिक करून इमेजचा पत्ता कॉपी केला की तो मिळतो. नुसतं साइटचं नाव दिलं तर काही होत नाही, गूगल तक्रारीवरून एकेक पान काढतं, आख्खी साइट उडवत नाही. स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, नंतर समोरचा पान बदलतो आणि आपण हात चोळत बसतो.

फॉर्म गूगलच्या हेल्पमध्ये कायदेशीर कारणानं कंटेंट काढण्याच्या पानावर आहे, तिथं गूगल सर्च निवडायचं, मग कॉपीराइट. यूट्यूबचा रस्ता वेगळा, इन्स्टा-फेसबुकचे फॉर्म त्यांचे त्यांच्याकडे. नाव खरं आणि पूर्ण लिहा, दुकानाचं टोपणनाव चालत नाही. तुमच्या मूळ कामाचं वर्णन मागतात तिथं 'माझा फोटो चोरला' एवढंच लिहून पाठवू नका ओ, वाचणाऱ्याला काय कळणार? असं लिहा, 'गड्ड्याच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा मी काढलेला फोटो, समोर नंदीध्वज, खाली डाव्या कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचं नाव, समोरच्यानं तेवढा कोपरा कापलाय.' हेच साध्या इंग्रजीत दोन-तीन ओळीत. खाली मूळ फोटो जिथं आहे तो तुमचा पत्ता, मग चोरलेले पत्ते, एका ओळीवर एक.

शेवटी टिकमार्क असतात ते डोळे झाकून मारू नका. हा फॉर्म अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए नावाच्या कॉपीराइट कायद्यावर बेतलाय, हक्क माझा आहे किंवा मालकानं मला अधिकार दिलाय हे तुम्ही तिथं शपथेवर सांगता, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर नुकसानभरपाई मागता येते. धंद्यातल्या भावकीचा राग काढायची ही जागा नाही. समोरच्यानं तुमच्या मालावर टीका करताना फोटो वापरला असेल तरी जरा थांबा, टीका आणि बातमीसाठी कायद्यात सूट आहे आणि गूगलही अशा तक्रारी फेटाळतं.

तुमची तक्रार गुपित राहत नाही हेही आधीच माहीत असू द्या. गूगल तिची प्रत ल्युमेन नावाच्या डेटाबेसला पाठवू शकतं, तो हार्वर्ड विद्यापीठातल्या बर्कमन क्लाइन सेंटरचा प्रकल्प. लिंक निघाल्यावर सर्चच्या तळाशी 'तक्रारीमुळे निकाल काढला' अशी सूचना येते आणि तिथून लोक तुमची तक्रार वाचू शकतात, नावासकट. म्हणून वर्णनाच्या रकान्यात शिव्या नकोत आणि फोन नंबर तर अजिबात नको.

पाठवल्यावर स्टेटस गूगलच्या रिमूव्हल डॅशबोर्डवर दिसतं, त्याच अकाउंटनं लॉगिन केलेलं पाहिजे. फेटाळली तर बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो नाहीतर वर्णन मोघम असतं, दुरुस्त करून परत टाका. पान आधीच उडालंय आणि सर्चमध्ये नुसतं भूत दिसतंय असं असेल तर कॉपीराइटचा फॉर्म नको, जुना कंटेंट रिफ्रेश करायचं वेगळं टूल आहे. लिंक निघाल्यावर समोरच्याला सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठी गूगलचं टूल) कळू शकतं आणि तो काउंटर नोटीस, म्हणजे तुमच्या तक्रारीला उलट हरकत, टाकू शकतो, मग तुम्ही कोर्टात गेल्याचं कळवलं नाही तर लिंक परत येऊ शकते. दुसरं म्हणजे, एखाद्या साइटवर अशा बऱ्याच खऱ्या तक्रारी जमल्या की ती सर्चमध्ये खाली घसरते, गूगलनं २०१२ पासून हे सुरू केलंय, त्यामुळं तुमच्यासारखे बाकीचे दुकानदारही भोगत असतील तर त्यांनाही आपापली तक्रार टाकायला सांगा.

भारतातल्या कंपनीच्या सर्व्हरवर चोरलेला फोटो असेल तर आपला कायदा धरा. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५, लेखी तक्रार नीट असली तर ३६ तासात त्यांनी ते बंद करायचं असतं, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात.

बिंगचा फॉर्म मायक्रोसॉफ्टकडे वेगळा आहे, गूगलला दिलेलंच वर्णन आणि तेच पत्ते तिथंही चिकटवा. डकडकगोचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येतात, म्हणून तिथली लिंकही बहुतेक त्यातच निघते.