गावानं मिळून वीज वाचवायची? मग या चुका टाळा

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरलं की घरातली वीज सगळ्यांनी मिळून कमी करायची. सगळ्यांनी हात वर केले. डिसेंबरची बिलं हातात पडली तेव्हा बऱ्याच घरांचा आकडा उलट वाढला होता, आणि "जाऊ द्या, हे आपलं काम नाही" असं पारावर ऐकू यायला लागलं. काम आपलंच होतं, पण सुरुवात चुकली होती. दुसऱ्या गावांचे ते महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

रुपयांकडे बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. वीज कमी वापरली तरी स्थिर आकार तेवढाच लागतो, इंधनाच्या खर्चाप्रमाणे इंधन समायोजनाचा आकडा वर-खाली होतो, आणि कुलूप असल्यानं रीडिंग मिळालं नाही तर सरासरीचं बिल येतं. म्हणून युनिट बघा. तेही मागच्या महिन्याशी ताडून बघू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतल्या डिसेंबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर कुणाचंही मन खचेल.

"शंभरच्या वर गेलं की सगळेच युनिट महाग" हाही गैरसमज घराघरात आहे. वरचा दर फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांना लागतो. १०४ युनिट झाले म्हणून हातपाय गाळू नका.

बल्बच्या मागे लागणं

आम्ही महिनाभर एकमेकांना दिवे बंद करायला सांगत होतो. सवय चांगलीच आहे, पण घरोघरी आता ९ वॅटचे एलईडी आहेत. खरी वीज जाते ती सकाळच्या अंघोळीच्या पाण्यात. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. तेवढ्यात तो बल्ब दोन दिवस अखंड जळेल. सहा माणसांच्या घरात थंडीत महिन्याला ७०-८० युनिट नुसत्या अंघोळीला जातात.

उपाय साधेच आहेत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रीतून गारठतं, म्हणून अंघोळीच्या बादल्या संध्याकाळीच भरून घरात ठेवायच्या. पाणी अंगाला सोसेल इतकंच तापवायचं. पाणी तापवून तासभर ठेवण्यापेक्षा अंघोळी पाठोपाठ उरकायच्या. द्राक्षबागेतल्या एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या ज्यांच्याकडे रचून ठेवलेल्या होत्या, त्यांनी अंगणात पुन्हा बंब पेटवला. धूर होतो, म्हणून तो घराच्या आत नको. आणि हीटरचा रॉड चालू असताना बादलीत बोट घालून पाणी बघायची सवय आजच सोडा.

मीटर न वाचणं

आमच्या आळीतल्या एक आक्का एकट्या राहतात. म्हणाल्या, "भाऊ, मी सात वाजता दिवा मालवते, तरी माझं बिल एवढं कसं?" मी त्यांच्या ओट्यावर मीटरसमोर बसलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी किती लुकलुकीला एक युनिट तो आकडा छापलेला असतो. त्यांच्या मीटरवर ३२०० होता. म्हणजे मिनिटाला साधारण ५३ लुकलुकी झाल्या, तर तासाला एक युनिट पडतोय.

आक्कांनी घरातलं एकेक बटण बंद केलं. फ्रीजची पिनही काढली. तरी दिवा मिनिटाला सहा-सात वेळा लुकलुकतच राहिला, म्हणजे सव्वाशे वॅट कुठंतरी जातच होते. शोधता शोधता मागच्या गोठ्यापर्यंत गेलो. गुरं विकून दोन वर्षं झाली होती, पण तिथं जुना शंभराचा पिवळा बल्ब पत्र्याआड रात्रंदिवस जळत होता. सुरुवातीला एवढंच सापडलं. उरलेल्या लुकलुकी टीव्हीच्या डब्याच्या, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या निघाल्या. टीव्ही बंद केला तरी तो डबा चालूच राहतो, त्याचं बटण भिंतीवरून बंद करावं लागतं.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकला आणि कारण सापडलं नाही, तर वायरमनला बोलवा. वायरिंगमध्ये गळती असू शकते, आणि ती बिलापेक्षा जिवाला धोक्याची.

नळाला मोटार

हे एकट्यानं सुटत नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. पाणी तासभर येतं. एकानं नळाला मोटार लावली की शेजारच्याची धार बारीक होते. मग तोही लावतो. शेवटी आख्खी आळी मोटारी लावून तेवढंच पाणी ओढत बसते. शिवाय पाइपाला कुठं चीर असेल तर मोटारीच्या ओढीनं गटाराचं पाणी आत येतं, ते वेगळंच.

आम्ही आधी घरोघरी जाऊन समजावलं. सगळे हो म्हणाले, आणि सकाळी मोटारी तशाच सुरू. प्रत्येकाला एकच भीती होती, मी थांबलो आणि तो थांबला नाही तर? मग एक आळी धरली आणि त्या आळीचे सगळे नळ एकाच दिवसापासून मोटारीशिवाय ठेवायचं ठरवलं. पाणी सोडणाऱ्या भाऊंना त्या आळीच्या पाइपाचा वॉल (व्हॉल्व्ह) आधी उघडायला सांगितलं. पहिल्या सकाळी दोन घरांत मोटार वाजली. भांडण न करता आळीतल्या वहिनी त्यांच्या दारात हंडा घेऊन जाऊन उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी आळी शांत झाली, आणि नळाला धार होती. ज्यांना पाणी गच्चीवर चढवायचं होतं, त्यांनी खाली टाकी ठेवली. ती नळानं भरायची आणि मोटार त्या टाकीला लावायची.

आणखी काही

कुणाचं बिल किती, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू नका. आम्ही लिहिलं होतं. घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या काकू आणि आठ माणसांचं कुटुंब विनाकारण यादीत तळाला आलं, आणि दोघांनीही बैठकीला येणं सोडलं. प्रत्येक घराची तुलना त्याच घराशी ठेवा.

बाजारात "प्लगमध्ये लावा, बिल अर्धं करा" म्हणून जो डबा मिळतो, तो घेऊ नका. त्याच्या आत बहुतेक वेळा कपॅसिटर असतो, आणि घरगुती मीटरवरचे युनिट त्यानं कमी होत नाहीत.

पंख्याचा जुना मोठा खटक्याचा रेग्युलेटर असेल तर वेग कमी केला तरी वीज फारशी वाचत नाही, कारण उरलेली वीज तिथंच उष्णता होऊन जाते. नवा इलेक्ट्रॉनिक बसवा.

बैठक रात्री पारावर, फक्त पुरुषांची, अशी घेऊ नका. मोटार, फ्रीज, हीटर, मिक्सर यांची बटणं कुणाच्या हाताखाली असतात ते आठवा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असतेच. आमचा हंड्याचा उपाय तिथंच निघाला. वरच्या आळीला अजून पाणी शेवटी पोचतं, आणि तिथल्या मोटारी चालूच आहेत. तिथला वॉल बदलून घ्यायचा ठराव पुढच्या महिला सभेत मांडायचा आहे.