चिंचिलाचं खाद्य निवडताना या चुका टाळा: आधी गवत, मग बाकी सगळं

चिंचिला, म्हणजे दाट मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी, पाळायचा ठरला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "पेलेट्स कोणते घेऊ?" पेलेट्स म्हणजे दळलेला चारा दाबून बनवलेले तयार खाद्याचे तुकडे. हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न वाळलेल्या गवताचा. दात किंवा पोट बिघडलेल्या चिंचिलाच्या रोजच्या खाण्याची चौकशी केली, तर पुष्कळदा एकच चित्र समोर येतं: वाटी पेलेट्सनी काठोकाठ भरलेली, वर दोन-चार बेदाणे आणि कोपऱ्यात परवाचं मूठभर गवत. म्हणजे मुख्य जेवण कोपऱ्यात आणि तोंडीलावणं ताटभर.

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर जे मिळतं ते म्हणजे चिवट गवत, झुडपांची पानं, साली. साखर नाही, तेल नाही, रसाळ फळांची चैन नाही. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने चिलीहून ११ चिंचिला अमेरिकेत नेले आणि आजचे बहुसंख्य पाळीव चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. शंभर वर्षांत रंग बदलले, केसांचा पोत बदलला, पण पोट मात्र अजून त्या डोंगरउतारावरचंच आहे. निकृष्ट, तंतूमय चाऱ्यातून सावकाश पोषण काढणारं हे पोट आहे. खाद्याबाबतच्या जवळजवळ सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

गवत "सोबतीला" देणं

चिंचिलाला २० दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढतात. पुढचे नारिंगी-पिवळे पटाशीचे दात दिसतात, त्यामुळे त्यांची काळजी घेतली जाते; कुरतडायला लाकूड दिलं की काम झालं असं वाटतं. खरी अडचण दाढांची असते. त्या आत असतात, सहज दिसत नाहीत, आणि लाकूड कुरतडण्याने त्यांची पुरेशी झीज होत नाही. गवताची लांब काडी चावताना जबडा आडवा घासत फिरतो, तसं तासन् तास चालतं, तेव्हाच दाढा झिजतात. पेलेट दोन-तीन चाव्यांत भुगा होतो. पाकिटावर "भरपूर तंतू" असं छापलेलं असलं तरी ते तंतू आधीच दळलेले असतात. पोटाला त्यांचा थोडा उपयोग होतो, दाढांना जवळपास नाही.

दाढा झिजल्या नाहीत की त्यांना टोकं येतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात. मुळंही उलट्या दिशेने वाढू लागतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर खडबडीत उंचवटे जाणवतात; वरच्या दाढांची मुळं वाढली तर डोळ्यातून पाणी येतं. मुळं एवढी वाढल्यावर त्यावर पूर्ण इलाज उरत नाही, फक्त त्रास कमी करता येतो. म्हणून गवताचा आग्रह इतका कळकळीने धरते आहे.

गवत चोवीस तास समोर हवं. टिमोथी, ऑर्चर्ड किंवा मिश्र कुरणातलं वाळलं गवत, यांपैकी कुठलंही चालतं. दोन प्रकार आलटून पालटून किंवा मिसळून दिले तर आणखी चांगलं, कारण एक प्रकार मिळेनासा झाला तरी जनावर अडून बसत नाही. चिंचिला संध्याकाळनंतर आणि रात्री जास्त खातो. म्हणून नवं वाळलं गवत सकाळी घाईघाईत न टाकता संध्याकाळी भरावं.

"आमचा गवत खातच नाही"

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि त्यावर केला जाणारा उपाय सगळ्यात वाईट असतो: पेलेट्स वाढवणं. चवदार, आयतं खाणं वाटीभर मिळत असेल तर कष्टाचं खाणं कोण खाईल? मोठ्या चिंचिलाला दिवसाला एक ते दोन मोठे चमचे पेलेट्स पुरतात. आधी तेवढ्यावर हळूहळू या, खाऊ बंद करा आणि काही दिवस बघा.

तरीही गवत तसंच राहत असेल तर गवताकडे बघा. चांगल्या गवतात हिरवटपणा शिल्लक असतो, काड्या लांब असतात आणि वास कुरणाची आठवण करून देणारा, किंचित गोडसर येतो. पिवळंफटक, भुसभुशीत, हलवलं की धूळ उडणारं गवत चिंचिला नाकारतो, आणि त्याचं बरोबर असतं. काही जनावरांना पहिल्या कापणीचं जाड काड्यांचं गवत नको असतं, दुसऱ्या कापणीचं मऊ, पानाळ गवत ती आवडीने खातात. पिंजऱ्यात तुडवलं गेलेलं, लघवी लागलेलं गवतही खाल्लं जात नाही, तेव्हा जाळीच्या बाहेरून लावायची गव्हाण वापरावी. तिचे गज डोकं अडकेल असे नसावेत.

तिसरी शक्यता विसरू नका: त्याला खायचं आहे, पण दुखतं आहे. चिंचिला गवतापाशी जातो, काडी उचलतो, चघळतो आणि टाकून देतो. पेलेट्स मात्र खातो, किंवा त्यातलेही मऊ तुकडे निवडतो. हनुवटी किंवा छातीचे केस ओले राहतात. पुढच्या पायाने तोंड पुसत राहतो. यातलं काही दिसलं तर हा नखरा नव्हे, दातांचं दुखणं आहे. खाद्य बदलून बघण्यात दिवस घालवू नका, लहान प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या आणि दाढा तपासायला सांगा. नुसतं तोंड उघडून वरवर बघण्याने दाढांचा आजार नजरेतून निसटतो. बरेचदा भूल देऊन तपासणी आणि एक्स-रे लागतो.

साठवण

चांगलं गवत घरी आणून खराब करणंही सोपं आहे. दमट जागेत, प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. हवा खेळेल अशा कापडी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उंच, उन्हापासून दूर ठेवावं. कोंदट वास आला, काळे-पांढरे ठिपके दिसले, मधला गठ्ठा चिकटलेला किंवा कोमट लागला तर वरचं चांगलं दिसणारं गवतसुद्धा वाचवायच्या फंदात पडू नका, पूर्ण टाका. दूषित चाऱ्यातून होणाऱ्या लिस्टेरियाच्या जंतुसंसर्गाला चिंचिला फार लवकर बळी पडतो आणि लक्षणं कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

लसूणघास रोज देणं

लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, चिंचिलाला फार आवडतो आणि हिरवागार दिसतो. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लांना, गाभण आणि पाजणाऱ्या मादीला त्याचा उपयोग आहे. एरवी धडधाकट मोठ्या चिंचिलाला तो रोजचा मुख्य चारा म्हणून देऊ नये. चिंचिलाच्या मूत्रमार्गात होणारे खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. लघवी करताना कुंथणं, लघवीत रक्त दिसणं ही तातडीने डॉक्टरकडे जायची लक्षणं आहेत. पुष्कळ पेलेट्सही लसूणघासापासूनच बनवलेले असतात. ते ठरलेल्या प्रमाणात चालतात, पण मग गवतसुद्धा लसूणघासाचंच नको.

पाकिटावरचं चित्र बघून पेलेट्स घेणं

रंगीत तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, सुका मेवा असं मिश्रण दिसायला समृद्ध असतं. चिंचिलासाठी ते घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो त्यातलं गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातो आणि कामाचा भाग वाटीत ठेवतो. पाकिटामागचा पोषणाचा तक्ता मग कागदावरच राहतो. एकाच रंगाचे, एकाच आकाराचे, साधे पेलेट्स घ्या. तक्त्यात प्रथिनं साधारण १६ ते २० टक्के, स्निग्धांश २ ते ५ टक्के असावा. तंतूंसाठी १५ ते ३५ टक्के अशी सैल मर्यादा सांगितली जाते. मी वरच्या बाजूचं निवडते. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं असावं. मका, मोलॅसिस (साखर कारखान्यातली गोड मळी) किंवा बिया सुरुवातीलाच दिसल्या तर पाकीट परत ठेवा.

सशाचं किंवा गिनीपिगचं खाद्य "सारखंच तर आहे" म्हणून दिलं जातं. चिंचिलाचं खाद्य मिळेना झालं तर साधे, बिया नसलेले, गवतावर आधारित सशाचे पेलेट्स थोडे दिवस चालून जातात. हॅमस्टरचं किंवा उंदरांचं खाद्य मात्र अजिबात नको. त्यात धान्य, बिया आणि कधीकधी प्राणिज पदार्थही असतात.

मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेणंही टाळा. एका चिंचिलाला लागतं ते किती! पोतं उघडं राहतं, जीवनसत्त्वं उतरत जातात, स्निग्धांश खवट होतो. लहान पाकीट, तारीख बघून.

बेदाणा, बदाम आणि प्रेम

चिंचिला पुढच्या दोन पंजांत बेदाणा धरून, मागच्या पायांवर बसून खातो तेव्हा आणखी एक द्यायचा मोह होतो. ते प्रेम खरं असतं, पण त्याच्या पोटाला बेदाणा सोसत नाही. त्याच्या आतड्यातलं पचन सूक्ष्मजीवांच्या भरवशावर चालतं. साखर अचानक वाढली की नको ते जीवाणू फोफावतात, वायू धरतो आणि पोट फुगतं. तेलबिया आणि सुक्या मेव्याने लठ्ठपणा आणि यकृताचे विकार होऊ शकतात. शिवाय चिंचिलाला उलटी करता येत नाही. बेदाणा किंवा शेंगदाण्यासारखा तुकडा घशात अडकला तर तो बाहेर टाकायचा मार्गच त्याच्याकडे नसतो. लाळ गळणं, ओकारीसारखे झटके, श्वासाची धडपड असं दिसलं तर तो जीवघेणा प्रसंग समजा आणि थेट दवाखाना गाठा.

दही-साखरेचे लाडू किंवा मधात घोळवलेल्या काड्या लहान प्राण्यांचा खाऊ म्हणून विकल्या जात असल्या तरी चिंचिलासाठी नाहीत. चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो, कांदा, लसूण, बटाटा, कोबी, दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण वर्ज्य.

खाऊ द्यायचाच तर चिमूटभर साधे ओट्स किंवा साखर न लावलेलं जंगली गुलाबाचं सुकं फळ, आठवड्यातून एखाद-दोनदा. त्याहून चांगला खाऊ म्हणजे फवारणी न झालेल्या सफरचंदाच्या झाडाची किंवा विलोची वाळलेली डहाळी. तोंडही चालतं आणि वेळही जातो. चेरी, आलुबुखार, जर्दाळू, पीच अशा कठीण बाठ्याच्या फळझाडांचं लाकूड देऊ नये, देवदार किंवा राळ असलेलं लाकूडही नको. रंग, पॉलिश, गोंद लागलेलं काहीच नको.

हिरव्या पालेभाजीबद्दल पाळणाऱ्यांत दोन मतं आहेत. काही जण सवय लावून थोडी पानं देतात, काही अजिबात देत नाहीत. गवत उत्तम असेल तर पालेभाजीवाचून चिंचिलाचं काही अडत नाही. सवय नसलेल्याला एकदम मूठभर पानं देणं मात्र नक्की चूक.

एका रात्रीत खाद्य बदलणं

चांगलं खाद्य सापडलं की आजच बदलावंसं वाटतं. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. १० ते १४ दिवसांत जुन्यात नवं वाढवत न्या; लेंड्या मऊ झाल्या तर आदल्या प्रमाणावर परत या. चिंचिला घरी आणताना आधीच्या मालकाकडून थोडं जुनं खाद्य जरूर मागून घ्या. नवी जागा आणि नवं खाणं एकाच वेळी नको.

बिघाड कसा ओळखायचा

लेंड्या हा सगळ्यात विश्वासू पुरावा आहे. निरोगी लेंडी कोरडी, टणक, गडद तपकिरी आणि तांदळासारखी लांबट पण त्याहून जाड असते. लेंड्या लहान, बारीक, कमी झाल्या म्हणजे खाणं कमी झालं आहे किंवा आतडं मंदावलं आहे. चिकट, पिंजऱ्याच्या फळीला लागणाऱ्या लेंड्या म्हणजे साखर, पालेभाजी किंवा पेलेट्स जास्त होत आहेत. खाऊ आणि भाजी थांबवा, गवत चालू ठेवा, पेलेट्स कमी करा. पातळ जुलाब असतील तर घरी प्रयोग नकोत. चिंचिला कधीकधी मान वळवून मऊ लेंडी थेट तोंडात घेतो, ते नैसर्गिक आहे. पहिल्या पचनात राहून गेलेलं पोषण तो त्यातून मिळवतो.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. मोठा चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचा असतो. दाट केसांमुळे वाळलेला चिंचिला डोळ्यांना गुबगुबीतच दिसतो, म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. वजन दोन-तीन आठवडे सतत उतरत असेल तर वाटी रिकामी होत असली तरी काहीतरी बिघडलं आहे.

खाणं अचानक थांबलं तर आधी पाण्याची बाटली बघा. नळीतली गोळी अडकली तर पाणी येत नाही, आणि तहानलेला चिंचिला कोरडं गवत खात नाही. खोलीचं तापमानही बघा. २५ अंशांच्या वर त्याला उष्मा सोसवत नाही आणि भूक मरते. दोन्ही ठीक असून १२ तासांत काही खाल्लं नसेल, लेंड्या थांबल्या असतील, पोट टणक लागत असेल, तो पोक काढून बसत असेल किंवा पोट ताणून लोळत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. जाताना गवताची मूठ, पेलेट्सचं पाकीट, ताज्या लेंड्या आणि वजनाची वही बरोबर घ्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिलं तर ते चिंचिलाला चालतं का, हे तिथल्या तिथे विचारा. पेनिसिलिन गटातली, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरून जीवावर बेतू शकतं.