सीजीपीए गुणपत्रिकेशी जुळत नव्हता : चूक कुठे सापडली

सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून ग्रेड पॉइंटची सरासरी) काढताना सत्रांच्या एसजीपीएची (एकेका सत्राच्या सरासरीची) नुसती सरासरी काढली होती, तिथेच घोटाळा होता. पहिलं सत्र २० क्रेडिटचं (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन), एसजीपीए ८.२०, दुसरं २४ क्रेडिटचं, ७.००. सरळ सरासरी ७.६० येते. खरा हिशेब असा: २० × ८.२० = १६४, २४ × ७ = १६८; बेरीज ३३२ भागिले ४४, म्हणजे ७.५५. जास्त क्रेडिटचं सत्र जास्त ओढतं.

आता एक्सेलमध्ये दर विषयाला एक ओळ: क्रेडिट, ग्रेड पॉइंट (यूजीसीच्या दहा अंकी श्रेणीत ओ १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, एफ ०) आणि दोन्हींचा गुणाकार. सत्राच्या तळाशी गुणाकारांची बेरीज भागिले क्रेडिटची बेरीज. पुढच्या सत्रात या दोन बेरजा न्यायच्या, दोन दशांशांवर आणलेला एसजीपीए नाही.

बॅकलॉग असेल तर जास्त जपा. नापास विषयाचा ग्रेड पॉइंट शून्य, पण क्रेडिट भाजकात राहतात: १६ क्रेडिटला ८ आणि ४ क्रेडिटला एफ असेल, तर १२८ भागिले २०, म्हणजे ६.४०. विषय सुटल्यावर जुनी ओळच बदला. नवी जोडली तर क्रेडिट दोनदा धरले जातात.

सीजीपीएवरून टक्केवारी काढायचं सूत्र मात्र आपल्याच विद्यापीठाचं घ्या.