चेकराइड एकच, नापास दोनदा

कमर्शियल पायलटचं सर्टिफिकेट मला चेकराइडच्या, म्हणजे एक्झामिनरसमोर द्यायच्या शेवटच्या परीक्षेच्या, तिसऱ्या फेरीत मिळालं. लग्नानंतर टेक्सासला आले, ग्रीन कार्ड झाल्यावर ट्रेनिंग सुरू केलं, प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट आणि इन्स्ट्रुमेंट (उपकरणांच्या आधारे उडवायची परवानगी) पहिल्याच झटक्यात. त्यामुळे थोडी हवा डोक्यात गेली होतीच.

पहिल्यांदा ओरलमध्येच, म्हणजे तोंडी परीक्षेतच, नापास झाले. एक्झामिनरनं विचारलं, शेजारी पैसे देतोय, भाड्याच्या छोट्या सेसना विमानातून त्याला ऑस्टिनला सोडशील का? मी म्हटलं, सोडेन की, आता कमर्शियल होतेय ना! खेळ खलास. पैसे घेऊन माणसं न्यायची तर विमानसेवेचं वेगळं सर्टिफिकेट लागतं, हे मला पाठ होतं. पण प्रश्नात ‘शेजारी’ आला आणि पाठांतर कुठे गेलं कळलंच नाही. दुसऱ्यांदा पॉवर-ऑफ वन-एटीला, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय वळून उतरायच्या भागात. इंजिन आयडलवर ओढून ठरलेल्या खुणेपासून पुढे २०० फुटांच्या आत टेकायचं, अलीकडे एक फूटही चालत नाही. मी फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) घाईनं सोडले आणि चाकं पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे टेकली. एक्झामिनर काही बोलला नाही, नुसता वहीत लिहीत राहिला.

आता मी कशात अडकले ते नीट वाचा. रीजनल एअरलाइनच्या (छोट्या मार्गांवरच्या विमान कंपनीच्या) अर्जात प्रश्न होता, किती चेकराइड फेल? मी लिहिलं, एक. सर्टिफिकेट एक, म्हणून नापासही एक, असा माझा हिशोब. लपवायचं मनात नव्हतं, देवाशप्पथ. इंटरव्ह्यूत समोरच्या कॅप्टननं कागद उलटला आणि शांतपणे म्हणाला, “इथे दोन दिसताहेत.” कान तापले. मग मी जे काही समजावत बसले, ते माझं मलाच सारवासारवीसारखं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी नकाराची मेल.

दोन नापासांनी नोकरी गेली नाही. चुकीच्या आकड्यानं गेली, असं मी आजही मानते.

तर मोजायचं असं: प्रत्येक नोटीस ऑफ डिसअप्रूव्हल (नापास झाल्याचा कागद) म्हणजे एक नापास. ओरललाच नापास झालात आणि विमानाला हातही लागला नाही, तरी एक. रीटेस्टला पुन्हा नापास झालात, आणखी एक. ६० दिवसांच्या आत परत गेलात तर राहिलेला भागच द्यावा लागतो, पण म्हणून पहिला कागद पुसला जात नाही. हवामान बिघडलं किंवा विमान बिघडलं म्हणून चेकराइड थांबली तर लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स मिळतं, ते नापास नव्हे. फ्लाइंग स्कूलच्या स्टेज चेकचं (मधल्या टप्प्यावरच्या परीक्षेचं) वेगळं. तो एफएएच्या (अमेरिकी विमान वाहतूक खात्याच्या) नोंदीत येत नाही, पण काही अर्जांत तोही विचारतात. प्रश्नातला शब्द न् शब्द वाचा.

आणि अर्ज भरण्याआधी पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमध्ये (एफएएकडच्या पायलटांच्या नोंदवहीत) स्वतःची नोंद उघडून बघा. एअरलाइन तुमच्या संमतीनं तेच बघणार आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन या रीजनल एअरलाइनचं विमान पडलं, ५० माणसं गेली. कॅप्टननं आपले सगळे नापास अर्जात सांगितले नव्हते, हे तपासात निघालं. २०१० च्या कायद्यात एअरलाइन पायलटला १५०० तास उड्डाणाची अट आली तशी या डेटाबेसचीही.

“सांगू नकोस, कोण बघतंय” म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचा चहा प्या, सल्ला घेऊ नका. ‘सोपा’ एक्झामिनर शोधून दुसऱ्या राज्यात जाणारेही भेटतील, ते नंतर एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्ये रडतात. तिथला नापास फार जड पडतो. पैसे घेऊन उत्तरं घोकून घेणारे कोच मला तर अजिबात पटत नाहीत.

एक-दोन नापासांना घाबरू नका, खरंच. इथे रीजनलमध्ये अशी पुष्कळ माणसं उडताहेत. तीन-चार झाले, तेही एकाच कारणानं, तर मात्र प्रश्न कडक येतील, आणि यायलाच हवेत.

दुसऱ्या एअरलाइनच्या अर्जात ‘२’ लिहिलं. इंटरव्ह्यूत तीन वाक्यांत सांगितलं: काय चुकलं, ते माझंच कसं होतं, नंतर काय बदललं. वारा, इन्स्ट्रक्टर, कुणाचंच नाव घेतलं नाही. कॅप्टन हसली. म्हणाली, “आता शेजारी विचारायला आला तर?”

म्हटलं, “तिकीट काढ म्हणेन.”