ईस्टरला शेजारी जाताना

आधी तारीख बघा. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये फिरतो. हमखास चूक होते ती त्याआधीच्या शुक्रवारी, गुड फ्रायडेला. तो येशूच्या मरणाचा, उपासाचा दिवस. त्या दिवशी ‘हॅपी’ म्हणू नका, मिठाई नेऊ नका. शुभेच्छा रविवारी, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) आटोपल्यावर.

अंडी का? मध्ययुगीन युरोपात चाळीस दिवसांच्या उपासात अंडी वर्ज्य, पण कोंबड्या थोड्याच थांबतात! साठलेली ईस्टरला खपत. ईस्टरचं दुसरं चिन्ह, ससा, आला जर्मनीतून. ‘हा सण मुळात एका देवीचा’ हा फॉरवर्ड 8व्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूच्या एका उल्लेखावर उभा आहे. यजमानांच्या बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीवर) बसून तो वाद उकरू नये.

अंडी रंगवायची तर आठ-दहा कांद्यांची सुकी सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळून गाळा, दोन चमचे व्हिनेगर घाला. उकडलेली अंडी त्यात अर्धा तास ठेवा. उकडताना फ्रिजमधली थेट उकळत्या पाण्यात सोडलीत तर तडकू शकतात.

शाकाहारी घरी काजूचं मार्झिपान (काजू-साखरेची मिठाई) देताना मात्र विचारून घ्या: बरेचजण त्यात अंड्याचा पांढरा भाग घालतात.