पेशीचे म्हातारपण दोन काचपट्ट्यांवर पाहताना

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शी आणि मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाची बाटली हाताशी असेल, तर पेशी कशी म्हातारी होते आणि मरते हे अर्ध्या तासात डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी दोन काचपट्ट्या तयार करून त्या एकामागून एक पाहाव्यात, असा माझा आग्रह आहे, कारण जे शिकायचे ते त्यांच्यातील फरकात आहे.

पहिल्या पट्टीसाठी चूळ भरून, दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच खरवडावी आणि ते टोक मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवावे. साध्या पाण्यात पेशी फुगतात, म्हणून 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 0.9 ग्रॅम मीठ घालावे. त्यावर मिथिलिन ब्लूचा एक थेंब सोडून दोन मिनिटे थांबावे, आच्छादक काच तिरकी धरून अलगद टेकवावी आणि जास्तीचा रंग टिपकागदाने टिपावा. दातकोरणी प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि वापरल्यावर लगेच टाकून द्यावी.

दुसऱ्या पट्टीसाठी कोरड्या हातावर, मनगटाच्या जरा वर, पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलावी आणि रंगाच्या थेंबावर चिकट बाजू खाली करून लावावी.

आधी 10 पटीच्या आणि मग 40 पटीच्या वस्तुभिंगातून पाहावे. गालाच्या पेशी फिकट, पसरट दिसतात आणि प्रत्येकीच्या मधोमध केंद्रकाचा गडद निळा ठिपका असतो. त्वचेच्या पापुद्र्यात मात्र बहुकोनी तुकडे एकमेकांना खेटून असतात आणि त्यांत केंद्रक शोधूनही सापडत नाही. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जाते, केंद्रक गमावते आणि साधारण महिनाभराने गळून पडते. म्हणजे आपल्या अंगाचा जो भाग जगाला दिसतो, तो मेलेल्या पेशींचाच असतो. रक्तातील तांबडी पेशीही केंद्रक टाकूनच कामाला लागते आणि सुमारे 120 दिवसांनी तिला भक्षक पेशी गिळतात.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी: शरीराच्या आत पेशी मुख्यतः ज्या पद्धतीने नियोजितपणे मरते, ती या पट्टीवर दिसणार नाही. 1972 साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी तिला अपॉप्टोसिस हे नाव दिले. तीत पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी किंवा भक्षक पेशी ते अवशेष इतक्या झटपट गिळतात की तेथे सूजही येत नाही. भाजल्यावर किंवा मार लागल्यावर पेशी फुटून मरतात, तेव्हा मात्र सूज येते.

काचपट्ट्या सुकण्यापूर्वीच पेन्सिलीने दोन्ही चित्रे शेजारी काढून घ्यावीत. केंद्रकाची जागा एका चित्रात भरावी आणि दुसऱ्यात कोरी सोडावी.