प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण सोडणे’ जमत नसेल तर

येशूने शिष्यांना शिकवलेली ही ख्रिस्ती प्रार्थना तुम्हाला पाठ आहे हे धरून चालतो. रात्री दिवा मालवल्यावर एकट्याने म्हणा, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात. ‘स्वर्गातील पित्या’पासून ‘रोजची भाकर’पर्यंत शब्द सवयीने येतात, तसेच येऊ द्या. मन लागत नाही म्हणून हळहळू नका. धीर त्या ओळखीच्या लयीतच असतो.

भाकरीनंतर मात्र थांबा. पुढची ओळ मी ६ वर्षं घाईत उरकत होतो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.’ म्हणजे आमचा अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे. सोडले आहे! सोडू, बघू, असं नाही. भावाने वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा परस्पर विकला होता आणि मी रोज रात्री देवासमोर खोटं बोलत होतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात, ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीकडे परत वळतो (वचनं १४ आणि १५). ती हीच. पळवाट नाही.

ऋण आहे, तर उधारीसारखंच मांडा: कोणाकडे, काय, किती. ‘त्याने फार दुखावलं’ या मोघम बोलण्याने काही सुटत नाही. मी म्हणायचो, ‘भावाकडे माझी दीड एकर जमीन आणि माफीचा एक शब्द येणे आहे. हे येणे मी सोडतो.’ राग जायची वाट पाहू नका. ‘आतून वाटेल तेव्हाच क्षमा करा’ म्हणणाऱ्यांनी कधी दमडीही सोडलेली नसते. उधारीवर काट मारताना कोणता सावकार हसतो?

सकाळी तोच आकडा वहीत पुन्हा दिसेल. पुन्हा सोडा. येशूचा शिष्य पेत्र याने ‘किती वेळा क्षमा करू, सात वेळा का?’ विचारलं, तेव्हा ‘साताच्या सत्तर वेळा’ असं उत्तर मिळालं. माझ्या मते एकाच गुन्ह्यालाही तेवढ्या लागतात.

आणि कृपा करून समोरच्याला ‘मी तुला क्षमा केली’ असा फोन करू नका. मी केला. भाऊ म्हणाला, ‘कशाबद्दल?’ वहीत दोन नवी कलमं चढली.

घरात मारहाण चालू असेल तर आधी बाहेर पडा, तक्रार द्या. ऋण सोडलं म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही.

नाव ओठांवर येतच नसेल, तर ‘आज नाव घेता येत नाही’ एवढंच देवाला सांगा आणि पुढे जा. ‘परीक्षेत आणू नको’पासून सगळं सोपं आहे. आमेन म्हणा, झोपा.